नडगी मोडली तर: प्लास्टर कधी पुरते, रॉड कधी लागतो आणि वस्तीने काय करायचे?

सोलापुरात दुचाकी घसरो, उसाच्या ट्रॉलीचा धक्का बसो किंवा पुणे-हैदराबाद महामार्ग ओलांडताना गाडी अंगावर येवो, पायात मार बसतो तो बहुधा नडगीला. मग सिव्हिलच्या दारात किंवा खासगी दवाखान्याच्या बाकावर नातेवाइकांत वाद सुरू होतो. डॉक्टर म्हणतात, रॉड टाकावा लागेल. काका म्हणतात, कापाकापी नको, आपल्या ओळखीचा हाडवैद्य आहे. भाऊ म्हणतो, प्लास्टर हा गरिबाचा उपचार, कर्ज काढू पण ऑपरेशन करू. या सगळ्यात एक्स-रेमध्ये नेमके काय दिसते, हे डॉक्टरांना कोणी विचारत नाही.

मित्रांनो, आम्ही वस्त्यांमध्ये सामाजिक कार्यकर्ते म्हणून काम करतो. आम्ही डॉक्टर नाही. पण रुग्णासोबत रुग्णालयात जाणारा, रात्री त्याच्या उशाशी बसणारा आणि पुढे चार महिने त्याच्या घरी डोकावणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या चळवळीतलाच असतो. त्याला या उपचाराची माहिती असली पाहिजे, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नडगीची काही फ्रॅक्चर ऑपरेशनशिवाय उत्तम जुळतात आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र प्लास्टर घातले म्हणजे उपचार संपला असे होत नाही, तिथून तो सुरू होतो. या उपचारात पैसा कमी लागतो आणि वेळ जास्त लागतो. कष्टकरी माणसाकडे नेमका वेळच नसतो. तो वेळ त्याला मिळवून देणे हे आपले काम आहे.

आधी हाड समजून घेऊ

गुडघ्याखाली दोन हाडे असतात. पुढचे जाड हाड म्हणजे नडगी. बाहेरच्या बाजूला त्याला समांतर एक बारीक हाड असते. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते, बारीक हाडाच्या वाट्याला थोडाच येतो. म्हणून घोट्यापासून दूर असलेले बारीक हाड एकटेच मोडले असेल, तर बऱ्याचदा साध्या आधारावर भागते. नडगी मोडली की गोष्ट वेगळी होते.

नडगीवरून बोट फिरवून पाहा. पुढच्या आणि आतल्या बाजूला कातडीखाली थेट हाड लागते. मांडीच्या हाडाभोवती स्नायूंची जाड गादी असते, तशी इथे नाही. त्याचे दोन परिणाम होतात. हाड मोडल्यावर त्याचे टोक कातडी फाडून सहज बाहेर येते. आणि नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठा कमी असल्याने तिथले फ्रॅक्चर जुळायला उशीर लागतो. हाताच्या हाडाला सहा आठवडे लागले म्हणून पायालाही तेवढेच लागतील, हा हिशेब इथे चुकतो.

हाड जुळते कसे, हेही पाहू. मोडल्या जागी आधी रक्त साकळते. दोन-तीन आठवड्यांत तिथे मऊ गाठ तयार होते. पुढच्या काही आठवड्यांत त्या गाठीत चुना भरत जातो आणि ती कडक होते. त्यानंतर कित्येक महिने शरीर त्या जागेला तासून मूळ आकार देत राहते. म्हणजे हाड शरीरच जोडते. प्लास्टर, पट्टी किंवा रॉड ही जुळेपर्यंत हाड जागेवर धरून ठेवण्याची साधने आहेत. एवढे लक्षात घेतले की पुढचे बरेच गैरसमज गळून पडतात.

चाळीसगाव, १९२९

आपल्यापैकी अनेकांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचले असेल. त्यात बाबासाहेबांनी चाळीसगावचा प्रसंग नोंदवला आहे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली होती आणि बाबासाहेब तिचे सदस्य होते. खानदेशच्या दौऱ्यात ते चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून न्यायला टांगेवाले तयार नव्हते. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला टांगेवाला नाही. वस्तीतल्याच, टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसाने लगाम धरला. कठडे नसलेल्या पुलावर चाक अडले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा खाली नदीत कोसळला. बाबासाहेब बेशुद्ध झाले. त्यांचा पाय मोडला आणि अनेक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही.

हा प्रसंग आपण जातिव्यवस्थेचा पुरावा म्हणून सांगतो आणि तसा तो आहेच. वैद्यकाच्या अंगानेही तो पाहण्यासारखा आहे. हाडाच्या पोकळीतून लांब सळई घालण्याची आजची पद्धत जर्मन शल्यविशारद कुंट्शर यांनी १९३९ मध्ये सुरू केली. पेनिसिलिनही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वापरात आले. म्हणजे १९२९ मध्ये पायाचे हाड मोडले, तर जगात बहुतेक ठिकाणी हाड ओढून बसवणे, फळी किंवा प्लास्टर बांधणे आणि पडून राहणे, हाच मार्ग होता. प्लास्टरच्या पट्ट्या त्याआधी पाऊणशे वर्षांपासून वापरात होत्या. १८५१ च्या सुमारास नेदरलँड्सचे लष्करी डॉक्टर मथायसेन यांनी कापडी पट्टीत प्लास्टरची भुकटी चोळून ती वापरायला सुरुवात केली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला आणि आतले हाड नीट बसले की नाही, हे डोळ्यांनी पाहता येऊ लागले.

पूर्वीचे रुग्ण प्लास्टरवर बरे होत, हे खरे. त्यातले कित्येक जण वाकड्या किंवा आखूड पायाने आयुष्य काढत, हेही तितकेच खरे. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा, की कोणते फ्रॅक्चर प्लास्टरवर सरळ जुळते?

प्लास्टर कोणाला पुरते

डॉक्टर साधारण या गोष्टी पाहतात. जखम बंद आहे का, म्हणजे कातडी फाटलेली नाही ना. हाडाचे तुकडे फारसे सरकलेले नाहीत ना. हाड बसवल्यावर ते जागेवर राहते का. बाजूने पाच अंशांपेक्षा आणि पुढे-मागे दहा अंशांपेक्षा जास्त वाक राहू नये, पाऊल आत किंवा बाहेर वळलेले नसावे आणि पाय साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जास्त आखूड होऊ नये, अशी सर्वसाधारण मर्यादा धरली जाते. हे सगळे जमत असेल तर प्लास्टरचा विचार होतो.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी विशेष धीर धरावा. मुलांच्या नडगीची बहुतेक फ्रॅक्चर प्लास्टरवरच बरी होतात. मुलांचे हाड लवकर जुळते आणि थोडाफार वाक वाढीबरोबर सरळही होतो. नुकतेच चालायला लागलेले मूल साधे घसरून पडते आणि पाय टेकायला नकार देते. वरून सूजही फारशी दिसत नाही. अशा वेळी नडगीत तिरकी बारीक चीर असू शकते. मालिश न करता एक्स-रे काढावा. असे फ्रॅक्चर तीन-चार आठवड्यांत जुळते.

मोठ्यांच्या बाबतीत एक नाव माहीत असावे: ऑगस्टो सार्मिएन्टो. कोलंबियात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले हे अस्थिरोगतज्ज्ञ. १९६७ मध्ये त्यांनी गुडघ्याखालून घालायच्या प्लास्टरची पद्धत मांडली. गुडघ्याच्या वाटीखालच्या भागावर नीट दाबून बसवलेले हे प्लास्टर गुडघा मोकळा ठेवते आणि रुग्णाला लवकर चालू देते. पुढे त्यांनी पट्टे आवळता येणारा ब्रेस वापरला. त्यांचे म्हणणे असे, की सगळ्या बाजूंनी नीट आवळलेले स्नायू हाडाला आतून आधार देतात आणि चालताना मोडल्या जागी होणारी किंचित हालचाल हाड जुळायला मदतच करते. १९९५ मध्ये त्यांनी अशा १,००० बंद फ्रॅक्चरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हाड न जुळण्याचे प्रमाण सुमारे एक टक्का होते.

हा आकडा ऐकून कोणी लगेच ऑपरेशन रद्द करू नये. ते रुग्ण निवडलेले होते. ज्यांचा पाय सुरुवातीलाच फार आखूड किंवा वाकडा झाला होता, ते त्यात नव्हते. योग्य फ्रॅक्चर निवडले तर प्लास्टर पूर्ण उपचार आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

रॉड कधी टाळू नये

हाड कातडीबाहेर आले असेल किंवा फ्रॅक्चरच्या जागी जखम असेल, तर ऑपरेशन थिएटरमध्ये जखम धुणे, प्रतिजैविके आणि धनुर्वाताचे इंजेक्शन याला पर्याय नाही. पायाचा रक्तपुरवठा तुटला असेल, गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या सांध्यातच हाड फुटून सरकले असेल, एकाच पायात मांडी आणि नडगी दोन्ही मोडल्या असतील, तुकडे बरेच झाले असतील किंवा बसवलेले हाड पुन्हा पुन्हा सरकत असेल, तर ऑपरेशनच बरे. मोठ्या माणसाच्या अस्थिर फ्रॅक्चरमध्ये रॉडमुळे हाड सरळ राहते, गुडघा-घोटा लवकर हलतो आणि माणूस लवकर उभा राहतो. त्या बदल्यात भूल, जंतुसंसर्गाचा धोका आणि पुढे काहींना राहणारी गुडघ्याच्या पुढची दुखी, ही किंमत असते.

म्हणून कार्यकर्त्याने डॉक्टरांसमोर वाद घालू नये, प्रश्न विचारावेत. आम्ही हे पाच प्रश्न लिहून सोबत ठेवतो:

१. फ्रॅक्चर बंद आहे की उघडे? सांध्यात गेले आहे का?
२. प्लास्टरमध्ये हाड जागेवर राहील का? सरकले तर पुढे काय?
३. ऑपरेशन केले तर काय फायदा आणि न केले तर काय तोटा?
४. पायावर भार कधी टाकायचा? कामावर साधारण कधी जाता येईल?
५. पुढचा एक्स-रे कोणत्या तारखेला?

उत्तर पटले नाही, तर दुसऱ्या हाडाच्या डॉक्टरांचे मत घेण्यात गैर काही नाही. सोलापुरात त्यासाठी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपले सिव्हिल आहे. हे महाविद्यालय १९६३ पासून सुरू आहे आणि तिथे अस्थिरोग विभाग आहे. एक्स-रे आणि कागद आपल्याकडे मागून घ्यावेत. तो रुग्णाचा हक्क आहे.

पहिले दोन दिवस डोळ्यात तेल घालून

ताज्या फ्रॅक्चरला सूज येते. म्हणून आधी बहुधा मागून अर्धे, म्हणजे कच्चे प्लास्टर घालतात. हाड बसवताना रुग्णाला वेदनाशामक किंवा भूल देऊन पाय टेबलाच्या कडेवरून खाली लोंबकळत ठेवतात. पायाच्या वजनानेच हाड रेषेत यायला मदत होते. मग कापसाची गादी गुंडाळून मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर चढवतात. गुडघा किंचित वाकलेला आणि घोटा काटकोनात ठेवतात. प्लास्टर घट्ट होताना गरम लागते, ते नैसर्गिक आहे. ते पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात. तोवर त्यावर भार टाकू नये.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. गुडघ्याखालचे स्नायू चार बंद कप्प्यांत असतात. या कप्प्यांची आवरणे ताणत नाहीत. आत रक्त आणि सूज वाढली की दाब चढतो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. वरून प्लास्टर किंवा पट्टी घट्ट असेल तर हे आणखी लवकर होते. काही तासांतच स्नायू आणि नसा कायमच्या मरू लागतात. मग पाय वाकडा होतो किंवा कापावा लागतो. नडगीचे फ्रॅक्चर हे या संकटाच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे आणि धोका पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

खुणा पाठ करा. औषध देऊनही न थांबणारी, वाढत जाणारी वेदना. पायाची बोटे हळूच वर केली की पोटरीत असह्य कळ. बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा. बोटे हलवता न येणे. पाऊल पांढरे-निळे किंवा गार पडणे. यातल्या शेवटच्या खुणा उशिरा येतात, त्यांची वाट पाहू नये. पावलाची नाडी लागते म्हणून सगळे ठीक आहे, असेही समजू नये. अशा वेळी रुग्णाला जास्तीची गोळी देऊन झोपवू नका. तो ओरडतो म्हणजे नाटक करतो, असे म्हणू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठा. प्लास्टर खालच्या कापसासकट लांबीने कापून मोकळे करावे लागते आणि तरीही दाब उतरला नाही तर तातडीने ऑपरेशन करावे लागते. एरवी सूज उतरण्यासाठी पाय उशीवर उंच ठेवतात, पण ही शंका आली की पाय छातीच्या पातळीतच ठेवावा.

धम्मपदाच्या अट्ठकथेत एक प्रसंग आहे. गृध्रकूटावरून देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची लागून तथागतांचा पाय जखमी झाला. जीवकाने औषध लावून पट्टी बांधली आणि तो नगरात दुसऱ्या रुग्णाकडे गेला. परतताना वेशीचे दरवाजे बंद झाले. पट्टी वेळेत सुटली नाही तर त्रास होईल, या काळजीत त्याची रात्र गेली. इकडे तथागतांनी वेळ ओळखून आनंदाकडून पट्टी सोडवून घेतली होती. पट्टी बांधण्याइतकीच ती वेळेत सोडण्याची जाण वैद्याला हवी आणि शुश्रूषा करणाऱ्यालाही हवी. आजच्या वस्तीत जीवक घरी गेलेला असतो आणि उशाशी आनंदाच्या जागी आपण असतो.

पुढचे चार महिने

सूज उतरली की प्लास्टर सैल होते आणि आत हाड सरकू शकते. म्हणून पहिले तीन-चार आठवडे साधारण दर आठवड्याला एक्स-रे काढतात. थोडा वाक दिसला तर प्लास्टरला काप देऊन, त्यात पाचर घालून तो सुधारता येतो. एकदा हाड वाकडे जुळले की मग ऑपरेशनशिवाय उपाय राहत नाही. "आता दुखत नाही, कशाला खेटा मारायचा?" असे म्हणून चुकवलेली ही फेरी सर्वांत महाग पडते.

साधारण चार ते सहा आठवड्यांनी लांब प्लास्टर काढून गुडघ्याखालचे प्लास्टर किंवा ब्रेस देतात आणि हळूहळू भार टाकायला सांगतात. मोठ्या माणसाचे हाड पूर्ण जुळायला साधारण तीन ते पाच महिने धरून चालावे. उसाच्या फडात किंवा यंत्रमागावर बारा तास उभे राहायला त्याहून अधिक वेळ लागू शकतो.

या काळातली काही पथ्ये:

- प्लास्टर भिजू देऊ नये. खाज आली म्हणून पट्टी, सुई, काडी आत घालू नये. आत जखम होते आणि ती दिसत नाही.
- दुर्गंधी, ओलसर डाग, ताप किंवा एकाच जागी सतत जळजळ असेल तर लगेच दाखवावे.
- दर तासाला बोटे हलवावीत. मांडीचा स्नायू आवळून सोडावा. प्लास्टरसह पाय सरळ उचलण्याचा व्यायाम डॉक्टरांना विचारून करावा.
- अचानक दम लागणे, छातीत दुखणे किंवा मांडी-पोटरी नव्याने सुजणे हे शिरेत रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा थांबू नये.
- विडी, सिगारेट, तंबाखू, मावा बंद. धूम्रपानाने नडगी जुळायला उशीर होतो, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. विडीचे शहर म्हणून ओळख असलेल्या सोलापुरात हे ठासून सांगावे लागते.
- मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवावी.

आहाराबद्दल घरोघरी एकच सल्ला मिळतो: पायाचे सूप द्या. देऊ शकता, पण त्यात जादू नाही. शरीराला रोज पुरेशी प्रथिने आणि चुना हवा. अंडी, डाळ, मासे-मटण जमेल तसे, दूध-दही, नाचणी, तीळ आणि आपली शेंगाचटणी, यांतून ते मिळते. आणि थोडा वेळ उन्हात बसावे.

हाडवैद्याकडे लोक का जातात

हाडवैद्याकडे जाणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. कारणे पाहिली तर ती समजण्यासारखी आहेत. तिथे रांग नाही, कागद नाहीत, खर्च आधी कळतो आणि माणूस आपल्या भाषेत बोलतो. शिवाय तिथे गेलेले अनेक जण बरेही होतात. याचे कारण आपण वर पाहिले. न सरकलेले हाड शरीर स्वतःच जोडते आणि श्रेय पट्टीला मिळते. हाडवैद्याची परंपरा जगभर होती. आधुनिक अस्थिरोगशास्त्रातले मोठे नाव ह्यू ओवेन थॉमस हे वेल्समधल्या अशाच हाड बसवणाऱ्या घराण्यातले. मात्र त्यांनी रीतसर वैद्यकीय शिक्षण घेतले, हा फरक विसरू नये.

धोका दोन ठिकाणी आहे. एक्स-रेशिवाय हाड बसले की नाही, हे कळत नाही. आणि ताज्या, सुजणाऱ्या पायावर बांबूच्या कामट्या करकचून आवळल्या, तर वर सांगितलेले कप्प्यांचे संकट ओढवते. मोडल्या जागी तेल लावून चोळणेही घातक आहे. उघड्या जखमेवर हळद, चुना, शेण लावणे म्हणजे धनुर्वात आणि हाडात पू होण्याला आमंत्रण. मनाने कालाम सुत्त मानणाऱ्या समाजाने "अमक्याचा बरा झाला" या ऐकीव गोष्टीवर पाय पणाला लावू नये. आणि एखादा रुग्ण पट्टी बांधून आलाच असेल, तर त्याला बोल लावत बसण्याआधी त्याची बोटे तपासा.

वेळेची किंमत कोण देणार

समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक यंत्रमाग कामगार रात्रपाळी करून परतताना पडला. नडगी मोडली, प्लास्टर चालेल असे डॉक्टर म्हणाले. खर्च थोडका आहे. पण चार महिने मजुरी नाही. दर आठवड्याला रिक्षा करून एक्स-रेला जायचे, तर सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. मग दुसऱ्या महिन्यात तो प्लास्टर घरीच कापतो आणि कामावर जातो. हाड वाकते. लोक म्हणतात, प्लास्टर फसले. खरे तर फसली ती आपली सामाजिक व्यवस्था.

इथे कायद्याने काय मिळते, ते पाहू. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला कामावर झालेल्या दुखापतीत काम बंद असेपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, यात धरला जातो. या योजनेचा पाया घालणारा अदारकर अहवाल १९४४ मध्ये आला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे १९४८ मध्ये कायदा झाला. साधारण दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ही योजना लागू होते. छोट्या कारखान्यांत कित्येकांचे नावच नोंदवलेले नसते. पाय मोडण्याआधी नाव नोंदवले आहे का, हे विचारणे हे तरुणांचे काम आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. आता ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र ती मुख्यतः यादीतल्या, दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. प्लास्टरच्या रुग्णाच्या बाहेरून होणाऱ्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी तिच्यात येत नाही. म्हणजे ऑपरेशनला पैसे मिळतात आणि स्वस्त उपचार मात्र खिशातून करावा लागतो. ही विसंगती आपण निवेदनांमधून मांडली पाहिजे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला पहिल्याच दिवशी भेटावे.

रस्ता अपघात असेल तर पोलीस नोंद आणि रुग्णालयाचे कागद पहिल्या दिवसापासून जपावेत. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची कायद्यात तरतूद आहे. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला पोलीस त्रास देतील, ही भीती सोडा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

विहारातून काय करता येईल

पहिले, प्रथमोपचाराचा एक वर्ग. वाकडा पाय ओढून सरळ करायचा नाही. जखमेवर स्वच्छ कापड. पुठ्ठा किंवा उशी लावून पाय वर गुडघ्याच्या आणि खाली घोट्याच्या पलीकडपर्यंत बांधायचा, पण करकचून नाही. पैंजण, जोडवी सूज येण्याआधी काढायची. ऑपरेशन लागू शकते म्हणून काही खायला-प्यायला द्यायचे नाही. १०८ ला फोन करायचा.

दुसरे, साहित्य पेढी. कुबड्यांच्या दोन-तीन जोड्या, एक वॉकर, एक चाकाची खुर्ची आणि एक कमोड खुर्ची. एका खोलीच्या घरात, सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्या माणसाला, विशेषतः बाईला, लांब प्लास्टर घेऊन उकिडवे बसता येत नाही. अनेक बायका शौचाला जावे लागू नये म्हणून कमी खातात, कमी पाणी पितात. एका कमोड खुर्चीने हा छळ थांबतो. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग इकडे वळला तर कुणाची हरकत नसावी.

तिसरे, सोबतीची पाळी. एका रुग्णामागे चार तरुण, प्रत्येकाकडे एक फेरी. वहीत तारखा: प्लास्टर कधी घातले, पहिल्या दोन रात्री बोटे कशी होती, एक्स-रे कधी, भार कधी. विनयपिटकात चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे आणि चांगल्या रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. आपला त्रास वाढला की कमी झाला, हे रुग्णाने खरे सांगावे, हा त्यातलाच एक. रुग्ण खरे तेव्हाच सांगतो, जेव्हा ऐकणाऱ्याकडे वेळ असतो.

चौथे, चार महिन्यांचे रेशन. मजुरी बुडालेल्या घरात धान्य, मुलांची फी आणि घरभाडे यांची थोडी जबाबदारी वस्तीने उचलली, तर प्लास्टर वेळेआधी कापले जाणार नाही.

पाय मोडलेल्या माणसाला प्लास्टर हवे की रॉड, हे एक्स-रे पाहून डॉक्टर ठरवतील. तो पुन्हा सरळ पायाने कामावर जाईल की नाही, यात मात्र त्याच्या शेजाऱ्यांचाही वाटा असेल. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात हा विषय काढा आणि पहिली कमोड खुर्ची कोण देणार, तेवढे ठरवून उठा.

जय भीम!